सुखनिद्रेचा विचार

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने यंदाच्या संमेलनात आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न आम्हांस पडला नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांवर याच व्यासपीठावरून अधिकारी वैद्यांची व्याख्याने झालेली आहेत. आम्ही वैद्य नव्हे. आमचे सारे आयुष्य शाळेत विज्ञान शिकविण्यात गेले. तथापि निवृत्तीनंतरची तीन वर्षे आम्ही निद्रानाशात काढली, आणि ज्याचे जळते त्यालाच कळते या न्यायाने या एका विषयाचा अभ्यास आम्हांस करावा लागला. त्या अभ्यासातून जे हाती आले ते आपणांपुढे ठेवावे, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम आमची हकीकत सांगतो, कारण ती पुष्कळ घरांची हकीकत आहे. शाळेची घंटा बंद झाली आणि तिच्याबरोबर आमचा दिवसही विसकटला. उठण्यास कधी सात, कधी साडेआठ. दुपारी जेवण झाल्यावर दोन दोन तास पडून राहावे. ऊन लागते म्हणून खिडक्यांना पडदे. रात्री झोप येत नाही असे होऊ लागले, तेव्हा झोपेला भरपूर अवधी मिळावा म्हणून आम्ही नऊ वाजताच अंथरुणावर पडू लागलो. परिणाम उलटाच झाला. दहाचे, अकराचे, बाराचे ठोके आम्ही मोजीत असू, आणि उद्या दिवस कसा जाईल या चिंतेने उरलीसुरली झोपही पळून जाई. शेवटी एका परिचिताच्या सांगण्यावरून, वैद्याला न विचारता, आम्ही झोपेच्या गोळ्या घेऊ लागलो. त्या गोळीच्या गुंगीत एका रात्री न्हाणीघरात पाय घसरून पडलो आणि मनगटाचे हाड मोडले. विज्ञानाच्या शिक्षकाने असे करावे याची लाज वाटते. परंतु लपविण्यात कोणाचाच लाभ नाही, म्हणून सांगितले.

हाड बसविणाऱ्या वैद्यांनी आम्हांस दुसऱ्या तज्ज्ञांकडे पाठविले. आपण किती वाजता निजता, हे त्यांनी प्रथम विचारलेच नाही. त्यांनी विचारले, “आपण उठता किती वाजता, आणि उठल्यावर उघड्या आकाशाखाली किती वेळ असता?” आम्ही निरुत्तर झालो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर रोज निराळे होते आणि दुसऱ्याचे उत्तर शून्य होते. रात्रीच्या झोपेची मांडणी सकाळी करावी लागते, ही गोष्ट आम्हांस त्या दिवशी प्रथम कळली.

याचे कारण असे की, बहुतेक सजीवांच्या देहात एक घड्याळ आहे. १७२९ साली द मेरां नावाच्या फ्रेंच विद्वानाने लाजाळूसारखी एक वनस्पती अंधारात ठेवून पाहिली. सूर्य दिसत नसतानाही दिवसा तिची पाने उघडत आणि रात्री मिटत. म्हणजे दिवसरात्रीचा हिशेब त्या रोपट्याच्या आतच होता. मनुष्याचीही तीच गोष्ट आहे. १९६२ साली मिशेल सिफ्र नावाचा तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ घड्याळ बरोबर न घेता आल्प्स पर्वतातील एका गुहेत सुमारे दोन महिने राहिला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट ही तारीख होती. प्रत्यक्षात १४ सप्टेंबर उजाडला होता. मनाचा हिशेब असा पंचवीस दिवसांनी चुकला, परंतु देहाचा तितका चुकला नाही. त्याचे निजण्याउठण्याचे चक्र चोवीस तासांहून थोडेसेच मोठे राहिले होते. पुढे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या काटेकोर मोजणीत मनुष्याच्या या आंतरिक दिवसाची सरासरी लांबी २४ तास ११ मिनिटे भरली. हे घड्याळ पेशीच्या आत कसे चालते, याचा उलगडा फळमाशीवरील प्रयोगांतून करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता हे घड्याळ जर रोज दहा-अकरा मिनिटे मागे पडत असेल, तर ते बरोबर लावतो कोण? त्याचे उत्तर आहे प्रकाश. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जेथे एकमेकींस छेदतात त्याच्या लगत वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तेच आपले मुख्य घड्याळ. आपल्या डोळ्यांत पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी एका जातीच्या पेशी आहेत. केवळ उजेड किती आहे हे मोजून त्या घड्याळाला कळवितात. सकाळचा प्रकाश घड्याळाला पुढे ओढतो, म्हणजे त्या रात्री झोप वेळेवर येते. रात्रीचा प्रकाश त्याला मागे लोटतो, म्हणजे झोप लांबते. शिवाय अंधार पडल्यावर देहात मेलॅटोनिन नावाचे एक द्रव्य स्रवते आणि ते शरीरास रात्र झाल्याची वर्दी देते. प्रखर प्रकाशाने मनुष्यातील हा स्राव थांबतो, हे १९८० साली सिद्ध झाले.

येथे आपले डोळे आपणांस फसवितात. दिवा लावलेल्या खोलीत आपणांस सर्व काही स्वच्छ दिसते, म्हणून प्रकाश पुरेसा आहे असे वाटते. प्रकाश ‘लक्स’ या मापाने मोजतात. घरातील दिवाणखान्यात तो बहुधा शंभर ते तीनशे लक्स असतो. ढगाळ दिवशीही अंगणात तो हजारांनी मोजावा लागतो आणि दहा हजारांपर्यंत सहज जातो. भर उन्हात एक लाखाच्या घरात जातो. म्हणून पडद्याआड बसून वर्तमानपत्र वाचणे आणि गच्चीवर दहा पावले चालणे, यांत देहाच्या घड्याळाच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे. आपले पूर्वज अंगणात सडा घालीत, तुळशीला पाणी घालीत, विहिरीवर जात. त्यांनी प्रकाशशास्त्राचा अभ्यास केला नव्हता, परंतु दिवस उजाडताना ते आकाशाखाली असत. आज आमच्या ज्ञातीची बहुतेक घरे शहरांतील सदनिकांतून आहेत, आणि तेथे बाहेर पडण्याचे काम मुद्दाम काढावे लागते.

आपल्या प्रांतापुरती आणखी एक अडचण आहे. १९०६ साली साऱ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली. ती साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची, आणि मुंबई आहे पश्चिमेस सुमारे बहात्तर अंश पन्नास कलांवर. त्यामुळे मुंबईचा सूर्य घड्याळाच्या मानाने सुमारे ३९ मिनिटे उशिरा चालतो. हे न रुचल्यामुळे मुंबई नगरपालिकेने आपली निराळी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत पाळली होती. या सभेतील वयोवृद्धांनी लहानपणी ते नाव ऐकलेही असेल. आज ती वेळ राहिली नाही, पण सूर्य तेथेच आहे. जानेवारीत मुंबईस सूर्योदय होतो सव्वासातच्या सुमारास. म्हणजे सातच्या शाळेला निघालेले मूल अंधारात घर सोडते आणि प्रकाश मिळण्यापूर्वीच वर्गात जाऊन बसते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा आदेश काढला, त्याच्या मुळाशी मुलांच्या झोपेचाच विचार होता. सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास, कुमारवयीनास आठ ते दहा तास आणि प्रौढास निदान सात तास झोप हवी, असे या शास्त्राचे जाणकार सांगतात. आपल्या घरी हा हिशेब जमतो काय, हे प्रत्येकाने आज रात्री करून पाहावे.

प्रकाशाइतकेच महत्त्व नियमितपणास आहे. ब्रिटनमधील सुमारे साठ हजार लोकांच्या निजण्याउठण्याच्या नोंदींचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. पुढील काही वर्षांत कोणास मृत्यूचा धोका किती, याचा अंदाज झोपेच्या तासांपेक्षा झोपेच्या नियमितपणावरून अधिक चांगला येतो, असे त्यात आढळले. केवळ अंथरुणावर अधिक काळ पडून राहण्याने काम होत नाही, याचा पुरावा आपल्या देशातलाही आहे. चेन्नईतील अल्प उत्पन्नाच्या कामकऱ्यांवरील संशोधन २०२१ साली प्रसिद्ध झाले. ही मंडळी रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर असत, परंतु उकाडा, डास व गोंगाट यांमुळे त्यांना खरी झोप साडेपाच तासच लागे. त्यांची रात्रीची झोप अर्ध्या तासाने वाढविली, तरी कामात वा प्रकृतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उलट दुपारी शांत जागी अर्धा तास डुलकी घेऊ दिली, तेव्हा काम सुधारले आणि मनही प्रसन्न राहिले. आपल्या वामकुक्षीला हा मोठाच आधार म्हणावा लागेल. मात्र ती वामकुक्षीच असावी, आमच्यासारखी दोन तासांची समाधि नसावी.

आता आम्ही आमच्या विषयाच्या गाभ्याशी येतो. मदुराई येथे प्राध्यापक चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वटवाघळांवर जे प्रयोग केले, ते आम्हांस फार उद्बोधक वाटले. गुहेच्या ज्या भागात सूर्याचा किरण पोहोचत नाही, तेथे एकेक वटवाघूळ पिंजऱ्यात ठेविले. त्या गुहेतील इतर वटवाघळे रोज संध्याकाळी बाहेर उडून जात आणि पहाटे परत येत. तो वावर जाणवून पिंजऱ्यातील वटवाघूळही त्याच वेळा पाळी. परंतु ज्या गुहेत दुसरी वटवाघळे नव्हती, तेथे एकट्या पिंजऱ्यातील जीवाचे वेळापत्रक दिवसेंदिवस सरकत गेले. हा शोध १९८१ साली प्रसिद्ध झाला. मनुष्यात मुख्य सत्ता प्रकाशाची आहे हे खरे, तरीही घरात दिवे केव्हा मालवितात, जेवण केव्हा होते, दूरदर्शन संच केव्हा बंद होतो, हे कोणी एकटा ठरवीत नाही. निजण्याची वेळ ही माणसाची नसते, घराची असते.

याचा अनुभव आम्हांस आमच्या घरीच आला, आणि तो फारसा गौरवास्पद नाही. वैद्यांच्या सांगण्याप्रमाणे आम्ही रोज साडेपाचास उठू लागलो. गच्चीवर जाण्यापूर्वी चहा हवा. तो करीत असे आमची सून. तीन आठवड्यांत आमची झोप सुधारली आणि आम्ही येईल जाईल त्यास आमचा पराक्रम सांगू लागलो. एके दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, “तुम्ही दहाला निजता, ते ठीक. पण ती किती वाजता निजते, ठाऊक आहे काय?” आम्हांस ठाऊक नव्हते. मुलगा कामावरून साडेनऊला येई, त्याचे जेवण, मागची आवराआवर, सकाळच्या डब्याची तयारी, यांत तिला साडेअकरा होत. आणि सव्वापाचास ती आमच्या चहासाठी उठे. नंतर तिला कचेरी होतीच. आमच्या निद्रेचा खर्च तिच्या खात्यावर मांडला जात होता. बंधूंनो, आपल्या ज्ञातीत सुनेला लेकीप्रमाणे वागवावे असे आपण प्रत्येक लग्नात म्हणतो. तिला सात तास झोप मिळते काय, हे मात्र आपण कधी विचारीत नाही. तिच्या पहाटे उठण्याचे कौतुक करतो, परंतु ती निजली केव्हा याची चौकशी करीत नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात काही बदल झाले. चहा आम्ही स्वतः करू लागलो. भाजी निवडणे-चिरणे संध्याकाळीच होऊ लागले आणि ते काम आम्ही दोघा वृद्धांनी घेतले. उशिरा येणाऱ्याने आपले ताट आपण वाढून घ्यावे व धुऊन ठेवावे असे ठरले. मुलगा प्रथम कुरकुरला, मग रुळला. साडेदहास स्वयंपाकघराचा दिवा मालवतो आणि सून सहापर्यंत निजते. आमच्या झोपेपेक्षाही ही गोष्ट आम्हांस अधिक समाधानाची वाटते.

आता व्यवहारात काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, उठण्याची वेळ एक ठरवावी आणि ती रविवारीही मोडू नये. निजण्याची वेळ आपोआप तिच्या मागून येते. आदल्या रात्री झोप कमी झाली, तरी ठरल्या वेळी उठावे. त्या दिवशीचा थकवा पुढील रात्रीच्या झोपेचे भांडवल होतो.

दुसरी, उठल्यापासून तासाभरात, उजाडल्यावर, निदान अर्धा तास घराबाहेरच्या प्रकाशात असावे. गच्ची, गॅलरी, रस्ता, देवळाची फेरी, काहीही चालेल. पावसाळ्यातही हा नेम मोडू नये. मात्र सूर्याकडे टक लावून पाहू नये, त्याने डोळ्यास इजा होते.

तिसरी, निजण्यापूर्वी दोन तास घरातील दिवे मंद करावेत आणि मोबाईल निजण्याच्या खोलीत नेऊ नये. रात्री उठावे लागल्यास मोठा दिवा न लावता जमिनीलगत एक लहानसा दिवा ठेवावा. वृद्धांचे पाय घसरू नयेत यासाठीही तो उपयोगी पडतो.

चौथी, दुपारी तीननंतर चहा-कॉफी घेऊ नये. चहा-कॉफीतील कॅफीन हे द्रव्य शरीरात निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात. रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी दोन-तीन तास उरकावे.

पाचवी, झोप आली म्हणजेच अंथरुणावर जावे. वीसएक मिनिटांत डोळा लागला नाही असे वाटल्यास उठून मंद उजेडात शांत बसावे, आणि पेंग आल्यावर पुन्हा पडावे. घड्याळ पाहू नये. दुधाला विरजण लावल्यावर घरची बाई घटकेघटकेला झाकण काढून पाहत नाही. ऊब, वेळ आणि स्वस्थता मिळाली की दही आपले आपण लागते. झोपेचेही तसेच आहे.

काही अपवाद सांगितले पाहिजेत. ज्या वृद्धांस संध्याकाळी साडेसातलाच पेंग येते आणि तीनला जाग येते, त्यांचे घड्याळ आधीच पुढे गेलेले असते. त्यांनी पहाटेऐवजी संध्याकाळच्या उन्हात फिरावे. रातपाळी करणाऱ्यांस सकाळचे ऊन उलट जागे ठेवते. त्यांनी घरी परतताना ते टाळावे, काळोख्या खोलीत निजावे, आणि त्या वेळी घरच्यांनी आवाज करू नये. जे मोठ्याने घोरतात व मध्येच ज्यांचा श्वास अडकतो, त्यांनी नियमांवर विसंबून न राहता वैद्याकडे जावे. डोळ्यांचे वा मनाचे विकार असणाऱ्यांनीही आधी सल्ला घ्यावा. आणि जे झोपेच्या गोळ्या घेत आहेत, त्यांनी हे व्याख्यान ऐकून उद्या त्या एकदम बंद करू नयेत. त्या वैद्याच्या देखरेखीखाली हळूहळूच सोडाव्या लागतात, आम्हांसही तसेच करावे लागले. जुनाट निद्रानाशावर प्रथम गोळ्या न देता सवयी व विचार बदलण्याचे शास्त्रशुद्ध उपचार द्यावेत, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ साली केली आहे. चरकाचार्यांनीही आहाराच्या जोडीला निद्रेस देहाच्या तीन आधारांत स्थान दिले आहे. त्यात नवे ते आता कळलेल्या कारणांचे, मूळ विचार आपल्या ओळखीचाच आहे.

शेवटी संस्थेस तीन विनंत्या. आपल्या विद्यार्थी वसतिगृहात मुले रात्री दोन दोन वाजेपर्यंत जागतात, आणि त्याला आपण अभ्यास म्हणतो. तेथे अभ्यासिका प्रखर व शयनगृह मंद प्रकाशाचे असावे, अकरानंतर मोबाईल कपाटात ठेवण्याचा नियम असावा, आणि सकाळचा चहा गच्चीवर द्यावा. यास खर्च फारसा नाही. दुसरी, संमेलनाचे, हळदीकुंकवाचे, विवाहसमारंभांचे कार्यक्रम रात्री नऊपर्यंत आटोपावेत. मुले खुर्च्यांवर पेंगत असतात आणि आभारप्रदर्शन चालूच असते, हे दृश्य आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. तिसरी विनंती प्रत्येक कुटुंबास. एक महिनाभर घरातील प्रत्येकाची उठण्याची व निजण्याची वेळ एका वहीत लिहावी, आणि घरातील सर्वांत कमी झोप कोणाची, ते पाहावे. ते नाव कोणाचे निघेल, याचा अंदाज आम्हांस आहे. त्या व्यक्तीची अर्धा तास झोप वाढेल अशी कामाची वाटणी घरानेच करावी. पुढील संमेलनात त्या वह्यांतून काय निघाले, ते ऐकण्यास आम्ही उत्सुक आहोत.

 निद्रेवरील व्याख्यानात कोणी निजले नाही, हा आम्ही आमचा सन्मान समजतो. साडेआठ झाले आहेत, नऊच्या आत घरी जाण्याची मुभा देऊन आम्ही आपली रजा घेतो.